पायरी

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं शिवाप्पाच्या.
रेबेलोच्या दुकानाची पायरी रस्त्यात दीड फूट.
हे मी कन्नडात लिहिलं,
फॉर्म कन्नडात आहे, पगारही त्याच खिडकीवर मिळतो.

उंची: डावीकडे सात इंच, उजवीकडे सात.
मध्ये पाच.
"दोन इंच कुठं गेले की?" शिवाप्पा म्हणाला.
"प्याले लोकांनी."

दगड म्हणे गोकाकहून बैलगाडीनं आणलेला.
पहिला रेबेलो रामघाट चढून आला
तेव्हा त्याच्याकडे एक पिंप, एक व्हायोलिन
आणि कॅम्पातल्या सार्जंटांना पुरेल एवढं इंग्रजी.
त्याच इंग्रजीत त्यानं बोर्ड लावला.
तो गावात कुणालाच वाचता येईना,
म्हणून दुकानाचं नावच पडलं, पायरी.
"कुठं गेलतास?" "पायरीला."
घरी बायका म्हणायच्या, सोडली ह्यानं पायरी.

मग मुंबई सरकारची दारूबंदी.
रेबेलोनं फौजदारासमोर सगळी पिंपं
मागच्या विहिरीत उपडी केली.
आठवडाभर अख्खी गल्ली त्याच विहिरीचं पाणी मागत होती.
नंतर गोटीसोडा.
तीच माणसं, त्याच जागा, ढेकर तेवढा खरा.
आणि मंगळवारच्या मंगळवारी
चोर्ल्याच्या रानातून एक काजूवाला यायचा,
त्याच्या पोत्यातले काजू चालताना खळखळायचे.

एका नोव्हेंबरात राज्य बदललं.
पायरी होती तिथंच राहिली.
पुढं दुकान बाबू हंजीनं घेतलं, दारू परत आली,
बोर्ड बदलला, परत बदलला,
एकदा त्याला रात्रीत काळं फासलं.
फासणारे आणि पुसणारे
दुसऱ्या दिवशी शेजारशेजारच्या बाकांवर.
वेटर ओतायचा, "साकु?" विचारायचा.
साकु म्हणजे पुरे,
हे सगळ्यांना कळायचं
आणि कुणीच म्हणायचं नाही.

बाबा वडगावात मागावर होते. शनिवारी पगार.
आई मला पाठवायची:
आत जायचं नाही. काही बोलायचं नाही.
पायरीवर नुसतं उभं राहायचं.
मी उभा राहायचो, मधल्या खळग्यात,
दोन टाचा बरोबर मावायच्या.
बाबा बघायचे.
कधी उठून यायचे, कधी आणखी एक मागवायचे.
कोणत्या शनिवारी काय, आणि का,
ते मला अजून मोजता आलेलं नाही.
मोजणीत मी वीस वर्षं काढली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
हंजीचा नातू चढला, ह्या पायरीसाठी.
तारखा पडल्या. आमच्याकडे तारखांची सवय सगळ्यांनाच आहे.
शेवटी तोच कंटाळला, म्हणाला,
"घेऊन जावा, घरी न्यायची का दगड डोक्यावर?"

परवा जेसीबीनं पायरी उचलली.
खालची बाजू कोरी निघाली,
छिन्नीचे घाव काल मारल्यासारखे.
मुकादमानं ती तशीच उलटी
गटारावर टाकली, झाकण म्हणून.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अतिक्रमण हटवले.

त्या दिवशी पहिल्यांदा आत गेलो,
मोजायला.
सहा बाक, एक कॅलेंडर, मोरीचा वास.
बाबा कुठं बसायचे ते विचारायला
वेटर फारच तरुण होता.

बाहेर आलो तर गुंडू शिंपी येत होता,
ऐंशीच्या पुढचा, काठी टेकत.
दारापाशी थांबला.
नव्या काँक्रीटवर, सपाट,
त्यानं पाय उचलला.

पाच इंच.
सात नव्हे.